एकाच टोकाला बांधलेली तार

सौंदडला दवाखाना उघडला आणि पहिल्याच महिन्यात माझं नाव झालं. ते ज्या गोष्टीमुळे झालं तिच्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. पेशंट बाकावर येऊन बसला की मागच्या भिंतीतून घूंऽऽ असा बारीक, एकसुरी आवाज यायचा. गुडघेदुखीच्या बायका त्या भिंतीला पाठ टेकून डोळे मिटायच्या. एका म्हातारीनं तर मी बांधलेली पुडी परत केली आणि सांगितलं की गोळ्या राहू द्या, मशीननंच बरं वाटून राहिलं, फक्त जरा जास्त वेळ लावत जा.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. माणसं माझ्याकडे अर्ध्या विश्वासानं येतात आणि उरलेला अर्धा देवावर ठेवतात, याची मला सवय आहे. पण मी न लावलेल्या मशीननं माझे पेशंट बरे व्हायला लागले, तेव्हा मात्र मी उठलो आणि भिंतीपलीकडे काय चाललंय ते पाहायला गेलो.

भिंतीपलीकडे माझे घरमालक होते, नीळकंठ रहांगडाले. सत्तरी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले, आणि कानांवर केसांचे पांढरे झुपके. सारं गाव त्यांना काकाजी म्हणायचं. खोली देताना त्यांनी मला एवढंच विचारलं होतं की तुमच्या दवाखान्यात मोटरवर चालणारं काही आहे का. नाही म्हटल्यावर लगेच किल्ली हातात दिली होती. आता ते पाटावर बसले होते. समोर पत्र्याचा एक उघडा डबा, त्यावर काचेचे व्हॉल्व्ह मंद लाल पेटलेले, आणि बाजूला जुना भोंगा. काकाजींचं डोकं त्या भोंग्यात होतं. मला पाहून त्यांनी ते बाहेर काढलं आणि फार दुःखी चेहऱ्यानं विचारलं, "तिकडेबी ऐकू येते?"

मी म्हटलं, येतं की, आणि पेशंटना त्याचा गुणही येतो. मला वाटलं माणूस खुलेल. त्यांचा चेहरा आणखी पडला. म्हणजे अजून आहे, असं पुटपुटत त्यांनी माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घेतला आणि तो मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला लावून बसले. तो स्टेथोस्कोप त्यानंतर मला पुरता असा कधी परत मिळालाच नाही. पेशंट तपासायचा झाला की मी भिंतीवर थाप मारायचो, मग काकाजींच्या बायको, काकू, तो पदरानं पुसून आणून द्यायच्या आणि पेशंट गेला की घेऊन जायच्या.

काकाजींचा एके काळी माईकसेटचा धंदा होता. बिछायत, मंडप, भोंगे आणि स्वतः जोडलेली, आवाज मोठा करणारी व्हॉल्व्हची मशीनं. लग्न असो, सभा असो, हरवलेलं पोर असो, आजूबाजूच्या गावांत जे काही मोठ्यानं सांगायचं ते काकाजींच्या भोंग्यातूनच सांगितलं जायचं. मग डीजे आले. लोकांना आवाज ऐकू येण्याऐवजी छातीत धडकायला हवा झाला आणि काकाजींचा धंदा बसला. मुलगा नागपूरला नोकरीला लागला. काकाजींनी मात्र भोंगे मोडीत दिले नाहीत. ते मशीन जोडत राहिले, उकलत राहिले, पुन्हा जोडत राहिले. मला आधी वाटलं, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातला प्रकार असेल. खरं कारण काकूंनी सांगितलं, आणि त्या कारणाचं नाव होतं लटारू.

लटारू चिचगडचा. रानालगतचं गाव, थोडी शेती, थोडा मोहफुलांचा हंगाम, आणि उरलेला वेळ दंडार. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाचगाण्याचं नाटक. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि दुपारी दंडार होते. लटारूचा आवाज असा होता म्हणतात की त्यानं मंडपात तान घेतली की पार पाळण्याजवळ फुगे विकणारा मान वर करायचा. जन्मभर इतक्या मोठ्यानं गाऊन गाऊन त्याचे स्वतःचे कान जड झाले होते. काकाजी त्याच्यापुढे माईक ठेवायचे, आणि लटारू तो दारातली चप्पल बाजूला सारावी तसा सारायचा. माईक लागतो तो गवई कसला, हे त्याचं ठरलेलं वाक्य. दोघं एका ताटात जेवायचे आणि स्टेजवर दर वर्षी हा अपमान व्हायचा. पुढारी, भटजी, सरपंच, लिलाववाले, सगळ्यांचे आवाज काकाजींनी मोठे केले, एवढा एकच राहिला. ही सल त्यांच्या मनात होती आणि ते ती कबूलही करायचे.

मग लटारूच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. राहिली ती नुसती कुजबूज, वाळक्या पाल्यावरून कोणी सांभाळून चालावं तेवढी. काकाजी बस धरून चिचगडला गेले आणि म्हणाले की आता तरी माझ्या माईकपुढे उभा राहा. लटारूनं अट घातली. ती अट काकाजी मला लटारूच्याच कुजबुजीत म्हणून दाखवायचे.

"उभा राहीन गा. एक गानं म्हनीन. पन तुझ्या भोंग्यानं माझ्याआधी बोलायचं नाई."

म्हणजे घूं नको. त्यात लटारूचा तोरा होता तसा व्यवहारही होता, कारण त्या कुजबुजीपेक्षा मशीनची घूं मोठी होती. पुढच्या मंडईच्या आत ती घालवायची, आणि जी गोष्ट जन्मभर हातून निसटली ती एकदा तरी ऐकायची, ऐकवायची, एवढं एकच काम काकाजींना उरलं होतं. काकू म्हणायच्या, "यायनं मले कधी इतक्या ध्यान देऊन ऐकलं नाई."

घूं घालवायची तर सगळा खेळ एका तारेचा. माईकचा चिमुकला आवाज ज्या वाटेनं पहिल्या व्हॉल्व्हकडे जातो, त्या वाटेवरच त्याला घरातल्या विजेची भणभण चिकटते. म्हणून तिथे जाळीची तार लागते. आत एक बारीक तार, तिच्यावर कवच, आणि कवचावर तांब्याची विणलेली जाळी. बाहेरची भणभण जाळीवर पडते आणि डब्याच्या पत्र्यातून निमूट निघून जाते. पण एक नियम. जाळी पत्र्याला एकाच टोकाला जोडायची. दुसरं टोक कापून, झाकून, मोकळं सोडायचं. दोन्हीकडे जोडली की भणभणीला गोल फिरायला रिंगण मिळतं आणि ती दुप्पट होते.

हा नियम काकाजींना इतका पटला होता की त्यांनी तो तारेपुरता ठेवलाच नाही. त्यांचा भाचा सासुरवाडीचं आणि घरचं अशी दोन्ही शेतं सांभाळून कुरकुरत होता, त्याला त्यांनी सांगितलं, एका टोकाले बांध. गावातले एक गृहस्थ दोन पक्षांच्या बैठकांना जायचे. ते बोलायला उभे राहिले की काकाजी माझ्या कानाशी लागून म्हणायचे, घूं ऐकू येऊन राहिली ना. शेजाऱ्याचं वासरू दोन दाव्यांनी बांधलेलं होतं, त्यातलं एक त्यांनी परस्पर सोडलं. वासरू शांत झालं की नाही ते कळलं नाही, कारण ते रात्रीपर्यंत सापडलं नाही. मी गोंदियाला राहायचो आणि दवाखाना सौंदडला. माझं डोकं दुखतं म्हटल्यावर त्यांनी नाडीसुद्धा न पाहता निदान केलं. "तुम्ही दोन्हीकडे बांधलेले आहा, डॉक्टर." हे मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी तुम्हाला बरोबर तपासलं.

तार आणायला आम्ही गोंदियाला गेलो, तेही मशीन सोबत घेऊन. ऑटोरिक्षात मशीन काकाजींच्या मांडीवर आणि भोंगा माझ्या. विजेच्या सामानाच्या दुकानदारानं पहिली काढली ती पन्नीवाली, म्हणजे जाळीऐवजी चांदीसारखा कागद गुंडाळलेली. काकाजींनी ती दोनदा वाकवली, पन्नी फाटली, तार परत. दुसरीवर बारीक तारांचा नुसता पीळ होता. वाकवल्यावर पिळात फटी पडल्या, परत. तिसरी चांगली विणलेली होती. तिच्या टोकाला काकाजींनी पेटती काडी लावली. आतलं कवच मेणासारखं वितळलं. सोल्डर करताना असं वितळलं की आतली तार जाळीला टेकते आणि मशीन मुकं होतं, म्हणून तीही परत. चौथी होती तशी टणक, पण काकाजींनी दुकानातच मशीन लावलं, तार जोडली आणि तारेवर टिचकी मारली. भोंग्यातून धप्प आवाज आला. तारेला हात लागला तर तारच बोलते, लटारूला काय बोलू देणार. हीही परत. तोवर काउंटरपुढे गर्दी जमली होती.

दुकानदार दमून म्हणाला, "चाचा, तार लेनी है कि रिश्ता जोडना है?"

"रिश्ताच हाये," काकाजी गंभीरपणे म्हणाले. आणि तेवढ्यात त्यांची नजर वर गेली.

दुकानदाराच्या स्वर्गवासी वडिलांचा हार घातलेला फोटो ज्या तारेनं टांगला होता, ती तार काकाजी बघत राहिले. बारीक, घट्ट विणीची, आत टेफ्लॉनचं कवच, जे वितळत नाही. कुठल्याशा जुन्या यंत्रातून निघालेली असावी. फोटो कशानं टांगला आहे हे दुकानदारालाही माहीत नव्हतं. तो आधी नाहीच म्हणाला. बाप आहे, नुसता फोटो नाही, म्हणाला. काकाजींनी त्याला लटारूची सगळी हकिकत सांगितली, कुजबुजीसकट. दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि फोटो स्वतःच्या हातांनी नीट बांधून द्यायच्या बोलीवर त्यानं तार दिली. काकाजींनी सुतळी घेतली, स्टुलावर चढले आणि मनापासून बांधलं. मी नंतर त्या दुकानात गेलो तेव्हा वडील एका बाजूला कलून, पंखे लावलेल्या भिंतीकडे संशयानं बघत होते. काकाजींनी त्यांना एकाच टोकाला बांधलं होतं.

मधल्या काळात एक वेगळाच घोळ झाला. जुनी तार काढली आणि नवी बसायची होती, तेवढ्या दिवसांसाठी काकाजींनी साधी उघडी तार लावून ठेवली. उघड्या तारेनं घूं तर धरलीच, वर छत्तीसगडकडचं कुठलंसं रेडिओ स्टेशन धरलं. भोंग्यातून भर दुपारी गाणी यायला लागली. गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बायका सुपं घेऊन काकूंच्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या. काकूंनी चहा सुरू केला. काकाजींना हे कळेना की आपल्या अपयशाला लोक एवढे का जमतात. त्यांनी फोटोची तार बसवली आणि रेडिओ गप्प झाला. दुसऱ्या दिवशी बायकांचा मोर्चा आला आणि मोर्च्याच्या पुढे काकू होत्या.

"तुमच्या शांततेनं विड्या वळल्या जातेत का?" काकूंनी विचारलं.

वाद बराच चालला. शेवटी काकाजींनी अडगळीतलं एक मशीन काढलं, त्याला मुद्दाम उघडी तार जोडली, ती खिळ्यावर टांगली आणि ते ओट्यावर ठेवून दिलं. जाता-येता ते त्या मशीनकडे बघायचे नाहीत. घरातल्या वाया गेलेल्या पोराकडे बापानं बघू नये तसं.

तार बसली तरी काकाजींना खात्री होईना. घूं खरंच गेली की गावातल्या राइस मिलच्या आवाजात बुडाली? ते मिलमालकाकडे गेले आणि म्हणाले की जरा धान भरडणं थांबवा, मला काहीच नसलेलं ऐकायचं आहे. मालक भला माणूस. त्यानं चहाच्या वेळी मिल बंद ठेवली. गावाला त्या आवाजाची इतकी सवय की तो थांबताच लोकांनी ठरवलं, मालक गेले. काकाजी इकडे भोंग्यात डोकं घालून बसलेले आणि तिकडे मिलच्या दारात माणसं डोईवरची टोपी काढून उभी. मालक बाहेर येऊन मी आहे, मी आहे म्हणून सांगत होते. एकानं तर तशातही त्यांचं सांत्वन केलं.

पण घूं गेली होती. काकाजींनी मला बोलावून भोंग्यापाशी बसवलं. व्हॉल्व्ह पेटलेले, बटण शेवटपर्यंत फिरवलेलं, आणि आवाज काहीच नाही. काकाजींनी माईकपाशी करंगळीच्या नखानं अंगठ्याचं नख खाजवलं, ते मला भोंग्यातून स्पष्ट ऐकू आलं. मला गाण्यातलं काही कळत नाही, तरी अंगावर काटा आला. काकाजी रडत होते आणि नाक ओढत नव्हते, कारण तेही भोंग्यातून आलं असतं.

त्याच दिवशी माझी म्हातारी पेशंट भिंतीला टेकून बसली, वाट पाहिली आणि उठली. मशीन बंद पडलं म्हणाली. बंद नाही आजी, सुधारलं, असं मी सांगून पाहिलं. तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि पुढच्या आठवड्यापासून ती साकोलीच्या डॉक्टरकडे जायला लागली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की मंडईत काय होणार आहे.

मंडईच्या दुपारी शाळेमागचं पटांगण फुललं होतं. पाळणे, जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, पाहुण्यारावळ्यांची गर्दी. चारी कोपऱ्यांत काकाजींचे भोंगे, लोकांकडे तोंड करून. स्टेजच्या कडेला काकाजी आणि मशीन. लटारू पांढरं धोतर, गुलाबी फेटा बांधून आला. हडकलेला होता, पण चालण्यात जुना रुबाब होता. लोक उठून उभे राहिले. तो माईकपुढे थांबला आणि मंडईत शांतता पसरली.

आमच्याकडे माईक सुरू झाला हे लोकांना कशावरून कळतं, तर आधी घूं येते, मग खर्रर्र, मग कोणीतरी हॅलो हॅलो म्हणतं. इथे त्यातलं काहीच झालं नाही. काकाजींनी शब्द दिला होता, लटारूच्या आधी भोंगा बोलणार नाही, म्हणून त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं. लोक वाट पाहू लागले. मग चुळबूळ सुरू झाली. मंडई समितीचे अध्यक्ष बोपचे पुढे आले, त्यांनी कान लावला, काहीच ऐकू येईना म्हणून हात हलवून सगळ्यांना खूण केली की बंद आहे. काकाजी हातवारे करून पेटलेल्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवत होते, पण दुपारच्या उन्हात व्हॉल्व्ह पेटलेले कोणाला दिसणार? माईकच्या इतक्या जवळ तोंड उघडलं तर शब्द मोडेल, म्हणून ते बोलतही नव्हते. इतकं राबून त्यांनी शांतता जोडली होती, आणि ती चालू आहे हे सांगायचा त्यांच्याकडे एकही उपाय नव्हता.

लटारूनं बोपचेंची खूण पाहिली. त्याच्या खांद्यातला ताण एकदम गेला, हे मी जिलेबीवाल्यापाशी उभा राहून पाहिलं. तो खाली बसलेल्या काकाजींकडे वाकला. माईक त्याच्या ओठांपासून वीतभर होता. त्यानं जे सांगितलं ते एका मित्रानं दुसऱ्याच्या कानात सांगितलेलं होतं, आणि ते चारी भोंग्यांतून साऱ्या मंडईनं ऐकलं.

"बंद हाये ना गा तुझी मशीन? बरं झालं. मले गाता येत नाई, नीळकंठ. घरी बकऱ्याइपुढे म्हनून पाहिलं, तं बकऱ्याबी उठून गेल्या. भेव लागते मले. तू सांग लोकाइले, का मशीन बिघडली. माझी इज्जत राहीन. तुझी तं काय, पहिलेपासूनच नाई."

मधला एक आवंढासुद्धा ऐकू आला. जिलेबीवाल्याचा झारा तसाच हवेत राहिला. पाळणेवाल्यानं पाळणा हातानं धरून थांबवला. लटारूचे कान जड, भोंगे पाठमोरे, त्याला काही कळलं नाही. तो सरळ उभा राहिला, हात पाठीशी घेतले आणि अपमान झालेल्या मोठ्या गवयाचा चेहरा करून काकाजींकडे पाहत राहिला.

काकाजी हलले नाहीत. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि म्हणेल की ऐकलं का, ऐकलं का सगळ्यांनी, शेवटच्या भोंग्यापर्यंत गेला ना आवाज? त्यांचा तो हक्क होता. त्यांनी मशीनचं बटण हळूच बंद केलं. मग उठून स्टेजच्या कडेला आले आणि आयुष्यात पहिल्यांदा माईकशिवाय, उघड्या गळ्यानं ओरडले.

"मंडळी, लटारू गानारच होता. मशीन बिघडली. माझी चुकी हाये."

बोपचे तसे कोरडे गृहस्थ, त्यांचं आणि काकाजींचं कधी फार जमलंही नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाले की आपल्याला तर काहीच ऐकू आलं नाही. मग मंडई सुटलीच. विडीवाल्या बायकांतली एक म्हणाली, या काकाजीची मशीन कधी चालली तं आज चालन. मिलमालक म्हणाले की यांच्या पायी माझं मरण झालं होतं. माझी साकोलीला गेलेली म्हातारी पुढे होऊन म्हणाली, दवाखान्यातबी अशीच बंद पडली होती. सगळ्यात मोठ्यानं काकू बोलल्या, आणि बोलताना त्या काकाजींकडे बघत नव्हत्या. एवढ्या शिव्या एका माणसाला इतक्या प्रेमानं पडलेल्या मी पाहिल्या नाहीत.

लटारूला शाल आणि नारळ दिला. त्यानं जाता जाता माईक जुन्या सवयीनं, चप्पल सारावी तसा बाजूला सारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी आमची माणसं, पण ही गोष्ट लटारूपर्यंत कोणीही नेली नाही. मी काकाजींना विचारलं की वाईट वाटतं का. ते म्हणाले, वाटते ना जी, कायले नाई वाटनार. मग जरा वेळानं त्यांचा चेहरा उजळला. बकऱ्या म्हणताना लटारूनं श्वास घेतला, तो श्वास ऐकला का, असं त्यांनी मला विचारलं. ऐकला म्हटलं. तेवढं त्यांना पुरलं.

पुढे माझी बायको आणि काकाजी दोघांचं ऐकून मी दवाखाना गोंदियाला हलवला. एका टोकाला बांधून घेतलं म्हणा. किल्ली परत द्यायला गेलो तर काकाजी पाटावर बसून सोल्डर करत होते. फोटोच्या तारेची जाळी, जिचं एक टोक त्यांनी एवढ्या निगुतीनं कापून, झाकून मोकळं ठेवलं होतं, तेच टोक सोलून ते पत्र्याला जोडत होते. मी म्हटलं, काकाजी, दोन्हीकडे? त्यांनी मान वर केली नाही. "लटारू येऊन राहिला ना दुपारच्या बसनं," ते म्हणाले. "मशीन दुरुस्त झाली का म्हनून पाहाले."

मशीन सुरू केलं. घूंऽऽ. इतकी मोठी घूं मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. काकाजींनी डोळे घट्ट मिटून घेतले, दाढ उपटताना माणूस मिटतो तसे, आणि बटण अजून थोडं वाढवलं.

लटारू आला, चहा प्याला, आणि मग माझाच स्टेथोस्कोप कानांत घालून मशीनपुढे बसला. स्टेथोस्कोपचं दुसरं टोक ट्रान्सफॉर्मरवर. ऐकता ऐकता त्याच्या तोंडावर हसू पसरत गेलं. मी चपला घालत दारात उभा होतो.

"म्हनलं होतं ना मी," तो कुजबुजला. "तुझ्यानं नाई होनार."

"नाई जमलं गा," काकाजी म्हणाले, आणि ते त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून स्टेथोस्कोपची चकती स्वतःच्या ओठांपाशी धरून पुन्हा म्हणाले.